कुपी, काच आणि रोशाचे तेल

मराठीत बाटली औषधाची असते, शाईची असते, रॉकेलची असते. अत्तराची मात्र कुपी असते. हा भाषेचा केवळ लाडिकपणा नव्हे. कुपी हा शब्द आपल्या दिवाणखान्यातील काचेहून पुष्कळ जुना आहे. संस्कृतातील कूपी किंवा कूपिका म्हणजे लहानसा कूप, तोंड अरुंद आणि पोट खोल असलेले पात्र. रसवैद्यांची 'काचकूपी' प्रसिद्धच आहे. तिच्याभोवती मातीत बुडविलेल्या कापडाचे थर देऊन ती वालुकायंत्रात भाजावयाची आणि गळ्याशी जमलेले रसायन कुपी फोडून काढावयाचे, अशी ती प्रक्रिया. त्या रसायनांना नावही 'कूपीपक्व' असेच पडले. दुसरीकडे कनौजच्या अत्तरवाल्यांची 'कुप्पी' उंटाच्या कातड्याची. भट्टीवरून उतरलेल्या अत्तरात पाण्याचा जो अंश उरतो तो कातड्यातून हळूहळू निघून जातो आणि अत्तर मुरते. म्हणजे एकाच शब्दात दोन परस्परविरुद्ध स्वभावांची भांडी नांदतात. एक आतल्या द्रव्याला बाहेरच्या हवेशी थोडा व्यवहार ठेवू देणारे कातडे, आणि दुसरी कशालाही आत-बाहेर न करू देणारी काच.

आपल्या डोळ्यांसमोर असणारी शोभेची कुपी या दुसऱ्या जातीची. हैदराबादच्या जुन्या बाजारात, दक्षिणेतील संग्रहालयांत आणि जुन्या घरांतील लाकडी पेट्यांत ती अजून भेटते. उंची वीतभर किंवा त्याहून कमी, जाडी बोटाएवढी, अंगावर पैलू पाडलेले, त्यांवर सोनेरी वेलबुट्टीच्या झिजलेल्या रेषा आणि माथ्यावर भाल्याच्या टोकासारखे काचेचे बूच. दिवाणखान्यात मांडण्याची कुपी याहून थोराड असते. तिचे पोट तांबडे किंवा मधाच्या रंगाचे, त्यावर हरिणे, द्राक्षवेल नाहीतर नुसत्या चौकटी कोरलेल्या. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर बहुधा एवढेच लिहिलेले असते : 'बोहेमिया, एकोणिसावे शतक'. चिठ्ठी खोटी नसते, पण ती काचेपुरतीच खरी असते. कुपीत काय होते आणि ते कोठून आले होते, हा प्रश्न चिठ्ठीच्या कक्षेत येत नाही. आदिलाबादच्या वाचकाला तर तो पडावयासच हवा. कारण जगाच्या बाजारात 'गुलाबाचे अत्तर' म्हणून जे विकले गेले, त्यातील बराच भाग गुलाबाचा नव्हता. तो एका गवताचा होता, आणि ते गवत या जिल्ह्यातील सागवनात आजही उगवते.

अत्तराचा मान आपल्याकडे जुना असला, तरी गुलाबाच्या अत्तराची उपलब्ध साक्ष मोगल काळातील आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाणी काढताना भांड्यावर जमणारा तेलकट तवंग वेगळा केला आणि त्यास 'इत्र-ई-जहाँगिरी' असे नाव मिळाले, ही हकिगत खुद्द जहाँगीराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. दक्षिणही या बाबतीत मागे नव्हती. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या दरबारात सुगंधी द्रव्यांवर 'इत्र-ई-नौरसशाही' हा फारसी ग्रंथ रचला गेला. आदिलाबाद, म्हणजे जुन्या कागदांतील एदलाबाद, हे नाव आदिलशाहीवरून पडले असे परंपरा सांगते. हा धागा बारीकच आहे. त्यावर फार भार टाकू नये. परंतु सुगंधावर ग्रंथ लिहवून घेणाऱ्या घराण्याचे नाव सुगंधी गवताच्या मुलखाला लागावे, हा योगायोग नोंदविण्यासारखा खराच.

त्या काळचे अत्तर काचेत क्वचितच राहात असे. ठेवण्यास कातड्याची कुप्पी आणि समारंभात फिरविण्यास धातूची अत्तरदाणी, अशी विभागणी होती. चांदीची, पितळेची आणि आपल्याकडे विशेषतः बिदरी कामाची अत्तरदाणी मानाची मानली जाई. गुलाबदाणी वेगळी. तिची मान लांब आणि डोके चाळणीचे, कारण तिचे काम शिंपडण्याचे. काचेचे हुक्के, काचेच्या चौकोनी बाटल्या आणि लांब मानेच्या गुलाबदाण्या मोगल काळात होत्या. त्यांतील काही या देशी घडत, काही युरोपातून कोऱ्या येत आणि येथील कारागीर त्यांवर सोन्याची फुले रंगवीत. परंतु ही सरदारघरची मिरास होती. गुजरातेत कपडवंजला आणि उत्तरेत फिरोजाबादला काच होत असे, पण ती बहुतांशी बांगडीची आणि साध्या शिशीची. स्वच्छ, जड, पैलू घेणारी काच येथे होत नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात समुद्रमार्गे आली आणि तिच्याबरोबर शोभेची कुपी मध्यमवर्गीयांच्या घरी पोहोचली.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. त्या काळी तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. तेथे जंगल विपुल. लाकडाच्या राखेतून पोटॅश मिळे, भट्टीला जळणही मिळे. पोटॅशची ही काच कठीण. तिच्यावर फिरत्या चाकाने पैलू पाडता येत आणि नक्षी कोरता येई. फुंकनळीने बुडबुडा फुगविणे हे एका कारागिराचे काम, चाकावर पैलू पाडणे दुसऱ्याचे, सोनेरी रंगाची रेषा ओढणे तिसऱ्याचे. फुंकनळीनंतर वस्तू दुसऱ्या सळईवर धरावी लागे. ती सळई तोडल्याचा खरखरीत वळ जुन्या कुपीच्या तळाशी पुष्कळदा सापडतो. बूच मात्र प्रत्येक कुपीचे स्वतंत्र. ते त्याच गळ्यात घासून घासून बसविलेले असते, म्हणून एका कुपीचे बूच दुसरीस चपखल बसत नाही. काही कुप्यांच्या गळ्यावर आणि बुचावर एकच आकडा कोरलेला दिसतो. जोडी चुकू नये म्हणून कारखान्याने केलेली ती खूण.

रंगाची कथा अधिक मनोरंजक आहे. खरी माणिकवर्णी काच करावयाची तर वितळलेल्या काचेत सोन्याचा अंश घालावा लागे आणि ती महाग पडे. फ्रीड्रिख एगरमान या बोहेमियन कारागिराने त्यावर तोड काढली. बिनरंगी काचेवर धातूच्या क्षारांचा लेप द्यावयाचा आणि ती पुन्हा भट्टीत तापवावयाची. लेपाचा रंग काचेच्या केवळ पृष्ठभागात उतरतो. चांदीपासून पिवळा रंग त्याने १८२० च्या आसपास साधला आणि तांब्यापासून तांबडा १८३२ च्या सुमारास. चाकाने हा रंगीत पापुद्रा खरवडला की खालची पांढरी काच उघडी पडते आणि नक्षी आपोआप उठून दिसते. दिवाणखान्यांतील बहुतेक 'माणकाच्या' कुप्या या पद्धतीच्या. त्या तांबड्या आहेत त्या कातडीपुरत्या. पुढे १८३० नंतरच्या दशकात योझेफ रीडेल याने युरेनियम वापरून पिवळट हिरवी काच काढली आणि तिला ॲना या स्त्रीच्या नावावरून नाव दिले. अंधारात अतिनील प्रकाश टाकला असता ती हिरवी झगझगते. आजचे संग्राहक याच परीक्षेवर तिची ओळख पटवितात.

सोनेरी रेषांच्या त्या सडपातळ कुपीकडे पुन्हा वळावयास हवे, कारण तिची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बाहेरून वीतभर दिसणाऱ्या या कुपीची काच इतकी जाड असते की आतली पोकळी जेमतेम एखाद्या जाड सुईएवढी भरते. तिच्यात काही थेंबच मावतात. पैलूंमुळे प्रकाश असा वळतो की त्या थेंबांनी सगळी कुपी भरल्याचा भास व्हावा. अत्तर मोलाचे, तेव्हा पात्र लहान असणे साहजिक होते; पण लहान पात्र मोठे दिसावे ही योजना दुकानदारीची होती. घेणारा काच पाहून दाम मोजीत असे. या एका गोष्टीत पुढील सगळ्या व्यवहाराचे बीज आहे.

आता त्या गवताकडे यावे. मराठीत त्यास रोशा म्हणतात, संस्कृत वैद्यकात ते रोहिष या नावाने येते, आणि वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असे आहे. यातील 'मार्टिनी' म्हणजे लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच सेनानी क्लॉद मार्टिन. टिपूवरील मोहिमेत दक्षिणेच्या पठारावर या गवताची चव जनावरांना फार आवडते असे त्याच्या ध्यानात आले, त्याने बी गोळा करून लखनौस नेले आणि रॉक्सबर्गने गवताला त्याचे नाव दिले. ज्या मुलखात हे गवत पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली आणि उपयोगात होते, तेथील कोणाचे नाव त्यास लागले नाही. शोधाच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

सातमाळ्याच्या रांगा अविभक्त आदिलाबाद जिल्ह्यात तिरप्या पसरल्या आहेत. उटनूर, आसिफाबाद, निर्मळ या बाजूंनी साग आणि ऐन यांचे कोरडे वन आहे. अशा वनाच्या उघड्या, निचऱ्याच्या उतारावर रोशा वाढतो. पावसाळा सरत आला की त्यास तुरे येतात. तेल मुख्यतः या फुलोऱ्यात असते. तुरा बोटांत चुरडला असता गुलाबाची आठवण करून देणारा, किंचित तिखट असा वास येतो. याच गवताचे दोन प्रकार जाणकार ओळखतात. मोतिया कोरड्या उतारावर विरळ वाढतो आणि त्याचे तेल गोड वासाचे. सोफिया दाट आणि ओलसर जागी वाढतो, त्याचे तेल उग्र आणि हलक्या किमतीचे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांस निसर्ग सारखाच आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते तत्कालीन मुंबई राज्यात गेले. गवताला अर्थातच या सरहद्दीची खबर नाही.

रोशाचे तेल काढण्याची जुनी रीत साधी होती. ओढ्याच्या काठी चूल खणावयाची, तीवर लोखंडाची किंवा तांब्याची देग चढवावयाची, देगेत पाणी आणि तुऱ्यांसह कापलेले गवत ठासावयाचे, झाकणाच्या फटी मातीने अथवा पिठाने लिंपावयाच्या आणि बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात न्यावयाची. ते भांडे ओढ्याच्या थंड पाण्यात बुडविलेले असते. वाफ निवते, पाण्यावर तेल तरंगते आणि ते काढून घेतात. खानदेशात पिंपळनेर आणि नंदुरबारकडे हा धंदा भरभराटीत होता. मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटियरने १८८० साली त्याची दखल घेतली आहे. निमाड, बैतूल आणि वऱ्हाडचा मेळघाट हीही त्याची ठाणी. सातपुड्यापासून गोदावरीपर्यंतच्या सागवनाचा हा एक सलग पट्टा आणि आदिलाबाद त्याचे दक्षिण टोक. घरगुती उपयोगात हे तेल सांधेदुखीवर चोळण्याचे. गावच्या वैद्याच्या लेखी त्याचा गुलाबाशी काही संबंध नव्हता.

तो संबंध मुंबई बंदरात जुळला. व्यापारी हे तेल जहाजाने तांबड्या समुद्राच्या बंदरांत, जेद्द्यास पाठवीत. तेथून ते इस्तंबूलला जाई. तुर्कस्तानात त्यास 'इद्रिस याग' म्हणजे इद्रिसचे तेल म्हणत. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यास 'तुर्की जिरेनियम तेल' असे नाव दिले. म्हणजे गवत हिंदुस्थानचे, नाव तुर्कस्तानचे आणि जात जिरेनियमची! फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या 'फार्माकोग्राफिया' या १८७४ सालच्या ग्रंथात हा सगळा प्रवास वर्णिलेला आहे. इस्तंबूलचे व्यापारी हे तेल उन्हात ठेवून फिके करीत, त्याचा तिखटपणा घालवीत आणि मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कझानलिकच्या खोऱ्यात पोहोचे. कझानलिक हे गुलाबाच्या अत्तराचे जगातील सर्वांत मोठे केंद्र. १८७८ पर्यंत ते प्रत्यक्ष तुर्की अमलाखाली होते. तेथे कोणी ते तयार अत्तरात मिसळी, तर कोणी अधिक धूर्तपणे भट्टी लावण्यापूर्वी पाकळ्यांवरच शिंपडी, जेणेकरून दोन्ही तेले एकत्रच उतरावीत.

लबाडीमागील हिशेब उघड होता. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे ३ ते ५ टन पाकळ्या लागतात, त्याही पहाटे दव असताना खुडलेल्या. गवत कापावयास पहाट लागत नाही. पण ही लबाडी इतकी वर्षे पचली याचे कारण रसायनात आहे. ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनज्ञाने १८७१ साली या हिंदी तेलातून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. बाजारात तेलास जिरेनियम म्हणत, म्हणून त्याने त्या द्रव्याचे नाव 'जिरॅनिऑल' ठेवले. गुलाबाच्या तेलातही हेच द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. रोशाच्या चांगल्या तेलात तर त्याचा वाटा तीन चतुर्थांशाहून अधिक भरतो. म्हणजे व्यापारी जे मिसळीत होते ते अगदीच परके नव्हते. गुलाबाच्या वासातील एक खरा स्वर तेवढा वाढविला जात होता. आज जगभरच्या साबणांवर, अत्तरांवर आणि पाठ्यपुस्तकांत जिरॅनिऑल हा शब्द छापला जातो. तो मुळात आपल्या रोशापासून निघाला आणि दुसऱ्याच झाडाच्या नावाने रूढ झाला, हे त्या शब्दावरून कोणास कळावे?

गिऱ्हाईक अर्थात अगदीच बावळे नव्हते. शुद्ध गुलाबतेलात मेणासारखा एक गंधहीन भाग असतो, त्यामुळे २० अंश सेल्सियसच्या जवळपास ते गोठू लागते. रोशाचे तेल तसे गोठत नाही. म्हणून जाणता ग्राहक शिशी थंड पाण्यात धरून स्फटिक जमतात का ते पाही. यावर उत्तर म्हणून विक्रेत्यांनी व्हेल माशाच्या डोक्यातील मेण मिसळावयास आरंभ केला. परीक्षेमागून लबाडी आणि लबाडीमागून नवी परीक्षा, असा हा पाठशिवणीचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळांनी अचूक कसोट्या काढीपर्यंत चालू राहिला.

या संपूर्ण प्रवासात काच कोठे होती? जवळजवळ कोठेच नाही, आणि हीच ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. आपल्याकडे तेल-तुपाची दूरची वाहतूक चामड्याच्या बुधल्यांतून होई, पुढे पत्र्याचे डबे आले. कझानलिकहून निघणारे गुलाबतेल कल्हई केलेल्या तांब्याच्या चपट्या, गोल डब्यांत भरत, त्याचे तोंड डाक लावून बंद करीत आणि त्यावर जाड बुरणुसाचे आवरण शिवीत. कातडे, पत्रा, तांबे ही कामाची भांडी. काच लागे ती शेवटच्या मुक्कामी, दुकानाच्या फळीवर. तेथे तेल थेंबाथेंबाने सोनेरी कुपीत उतरे आणि त्याबरोबर त्याची मागची सारी वाट पुसली जाई. उरे ते दोन गोष्टींचे तेज, पूर्वेच्या गुलाबाचे नाव आणि बोहेमियाची काच. इंग्लंड-फ्रान्समधील प्रवासी इस्तंबूलच्या बाजारातून अशी कुपी आठवण म्हणून नेई. मुंबईस परतणारा हाजी किंवा व्यापारीही तशीच कुपी आणी. त्या कुपीत आपल्याच डोंगरावरचे तेल समुद्र दोनदा ओलांडून परत आले असणे मुळीच अशक्य नव्हते. माणूस स्वतःचीच वस्तू चढ्या भावाने, परक्या नावाखाली आणि आदराने विकत घेतो, याची उदाहरणे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कापसाची देतात. हे उदाहरण अधिक सुवासिक आहे, एवढेच.

स्वदेशीच्या चळवळीने काचेचा प्रश्न हाती घेतला तो मात्र अत्तरासाठी नव्हे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना सर्वश्रुत आहे. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. त्या पैशांतून आणि टिळकांच्या पाठबळाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. तो कारखाना होता तशीच शाळाही होती. परदेशांत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे कारागीर तयार केले आणि ते पुढे देशभर गेले. १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. या मंडळींनी कंदिलाच्या काचा केल्या, चिमण्या केल्या, बाटल्या-बरण्या केल्या. पैलूदार कुपीच्या नादी ते लागले नाहीत आणि त्यात त्यांचे काही चुकलेही नाही. ज्या खेड्यात दिवा नाही तेथे अत्तरकुपी कोण घेणार? पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या स्त्रियांच्या हातांतील परदेशी काचबांगडीत सर्वांत मोठा वाटा ऑस्ट्रियाचा होता. युद्धाने तो माल थांबला आणि जपानने ती जागा घेतली. यानंतरच्या काळातील पुष्कळ 'जुन्या' कुप्या बोहेमियाच्या नाहीत. साच्यात दाबून काढलेल्या स्वस्त काचेच्या आहेत. त्यांचे पैलू बोटाला बोथट लागतात.

निजामाच्या राज्यात मात्र काचेचा शौक टिकून होता. राजवाड्यांची झुंबरे बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीपर्यंत नाते सांगत. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी (१८८९–१९४९) जमविलेला अफाट संग्रह १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जनतेस खुला झाला आणि १९६८ मध्ये तो मुसा नदीकाठच्या आजच्या इमारतीत आला. त्यात बोहेमियाची, व्हेनिसची, इंग्लंडची काच आहे. एकाच माणसाच्या आवडीतून युरोपभरची काच एका छपराखाली आली, म्हणून तुलनेने अभ्यास करणाऱ्यास ती जागा मोलाची. पुण्यातील दिनकर केळकरांच्या संग्रहालयाचा बाज अगदी वेगळा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, अत्तरदाण्या अशा घरच्या वस्तू वेचल्या, बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले, आणि वस्तूंबरोबर त्यांना वापरणाऱ्या माणसांचीही आठवण जपली. कुपीला न्याय द्यावयाचा तर सालारजंगांच्या संपत्तीपेक्षा केळकरांची नजर अधिक उपयोगी पडेल, असे म्हणावयास हरकत नाही.

आदिलाबादकडच्या मराठी माणसाच्या आयुष्यात कुपीचे स्थान कोणते होते? लग्नमुंज, हळदीकुंकू, दसऱ्याची भेट या प्रसंगी फाया कानात खोचणे, मनगटाच्या मागील बाजूस बोट फिरविणे एवढे अत्तर प्रत्येक प्रतिष्ठित घरी असे. आणखी एक जागा होती, ती ग्रंथालयाची. सभा भरवावयास सरकारी परवानगी लागे, १९२९ च्या सुमारास काढलेल्या गस्ती क्रमांक ५३ ने ही अट अधिकच जाचक केली, त्या काळात हैदराबाद संस्थानातील मराठी वाचनालयांचे वार्षिकोत्सव आणि व्याख्याने ही माणसे एकत्र येण्याची थोडकी निमित्ते होती. अशा समारंभाचे वृत्तान्त पाहिले असता शेवटचे वाक्य ठरलेले सापडते : अत्तरगुलाब, पानसुपारी होऊन सभा विसर्जित झाली. अध्यक्षांचे भाषण पुढे कोणी आठवो न आठवो, टेबलावरील अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि तिच्याशेजारची कुपी मुलांच्या लक्षात राहात असे. उर्दू राजभाषेच्या राज्यात मराठी सभेचा समारोप एका अरबी नावाच्या सुगंधाने व्हावा, यात कोणास विसंगती वाटली नाही. ती नव्हतीच.

त्याच वर्षांत सातमाळ्याच्या जंगलात निराळे काही चालले होते. राखीव वनांच्या हद्दी आखल्या जात होत्या. गोंड आणि कोलाम यांच्या चराईवर, सरपणावर, फिरत्या शेतीवर बंधने येत होती. कोमराम भीम यांचा लढा या कोंडीतून उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. नंतर निजाम सरकारने प्रश्नाच्या अभ्यासासाठी हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाचारण केले. सुगंधाच्या इतिहासात हा मजकूर अप्रस्तुत वाटेल. पण जंगलातील गवत कोणाचे, त्याला विळा कोणी लावावा आणि त्याचे दाम कोणाच्या हाती पडावे, हा प्रश्न या लढ्याच्या अगदी शेजारचा आहे. दिवाणखान्यातील कुपी आणि हा प्रश्न यांच्यामध्ये बुधले, डबे, जहाजे आणि दलाल यांची एवढी लांब रांग उभी होती की एकास दुसऱ्याची गंधवार्ता नसावी.

जुन्या घरांतील कुप्या आता बाहेर पडू लागल्या आहेत. वाडे मोडतात, वाटण्या होतात, आणि भंगार-पुराणवस्तूंचा व्यापारी दारात येतो. त्याच्या दृष्टीने कुपीचे गुण ठरलेले : सोनेरी काम शाबूत हवे, बूच मूळचे हवे, काच स्वच्छ हवी. बूच मूळचे नसेल तर दुसऱ्या कुपीचे घासून बसविले जाते. गळ्यावरचा आणि बुचावरचा आकडा जुळतो का, हे पाहणारा गिऱ्हाईक विरळा. तळाच्या नैसर्गिक झिजेच्या रेषा वेड्यावाकड्या असतात, पॉलिश कागदाने ओढलेल्या एकाच दिशेच्या. नकली जुनेपणा असा पकडता येतो. पण खरी हानी नकलेने होत नाही. ती होते स्वच्छतेने. विकण्यापूर्वी कुपी सोड्याच्या गरम पाण्याने किंवा स्पिरिटने धुतली जाते आणि तळाशी वाळून बसलेला तपकिरी थर निघून जातो.

तो थर म्हणजे काय याची जाणीव नुकतीच जगाला झाली आहे. स्पेनमध्ये कार्मोना येथे २०१९ साली एक रोमन थडगे सापडले. त्यातील काचेच्या अस्थिकलशात स्फटिकाची एक लहान कुपी होती, तोंडाला डांबरासारख्या द्रव्याने बंद केलेली. कोर्दोबा विद्यापीठातील संशोधकांनी आतल्या वाळलेल्या कणांचे रासायनिक पृथक्करण केले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रोमन अत्तरात पाच होती. पाच, म्हणजे आपल्या परसात आणि वेणीत असणारी तीच सुगंधी वनस्पती. ती पूर्वेकडून रोमला गेली हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते, कुपीने ते सांगितले.

दीडशे वर्षांच्या कुपीकडून तर अपेक्षा अधिक करता येते. गुलाबतेलात जिरॅनिऑलच्या जोडीला सिट्रोनेलॉल भरपूर असते आणि मेणाचा तो गोठणारा अंश असतो. रोशाच्या तेलात सिट्रोनेलॉल नावापुरते आणि मेण नाहीच. एवढ्या फरकावरून कुपीतील थेंब कझानलिकच्या बागेतला, सागवनातला की दोन्हींचा, हे सांगण्याचा निदान प्रयत्न करता येईल. आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि आसिफाबाद, म्हणजे २०१६ मध्ये चार जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या या मुलखातील ज्या घरांत अशी कुपी अद्याप असेल, तेथे ती पुसण्यास हरकत नाही. बाहेरून, कोरड्या मऊ फडक्याने. बूच घट्ट असेल तर ते तसेच राहू द्यावे.